पट्टी काय म्हणते

काकांच्या गाडीत बसायचं तर आधी परीक्षा द्यावी लागे. मागचं दार उघडायला हात पुढे केला की ते मान वळवून विचारत, "दिवा लागला तर काय करायचं?"

"थांबायचं."

"मग?"

"किल्ली बंद."

"मग?"

"दहा मिनिटं कशाला हात लावायचा नाही."

"मग?"

"पट्टी बघायची."

"बसा."

हे चार प्रश्न त्यांनी मला विचारले, माझ्या नवऱ्याला विचारले, मीटर बघायला आलेल्या माणसाला उन्हात उभं करून विचारले. एकदा एका नवरीला विचारले. आळीतल्या मुलीचं लग्न, गाडीला झेंडूच्या माळा, ती बिचारी मुंडावळ्या सावरत दाराशी उभी आणि मागे तिचा मामा घड्याळ बघतोय. तिने चारही उत्तरं न चुकता दिली. आळीत सगळ्यांनाच ती पाठ होती, कारण आळीत गाडी एकच होती.

दिवा म्हणजे ऑइलचा. स्टिअरिंगच्या मागे, तेलाच्या झारीचं चित्र असलेला तांबडा टिपका. किल्ली फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. तो विझला की काका "बरं" म्हणत आणि मगच गिअर टाकत. चालत्या गाडीत तो पुन्हा लागला, तर इंजिनाला ऑइल पोचत नाही असा अर्थ. काका म्हणायचे, "बाई, पेट्रोल संपलं तर गाडी थांबते. ऑइल संपलं तर गाडी मरते. फरक लक्षात ठेवा." मी शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे मला असलं काही सांगताना त्यांना विशेष जोर चढे.

आचोळ्याला आम्ही फ्लॅट बुक केला होता आणि बिल्डर दर दिवाळीला पुढच्या दिवाळीचा वायदा करत होता. तोवर राहायचं कुठे, म्हणून सांडोरला काकांच्या घराच्या बाजूच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सहा महिन्यांसाठी म्हणून घेतल्या आणि चार वर्षं राहिलो. आम्ही घाटावरची माणसं. वसईची वाडी म्हणजे काय हे मी तिथेच पाहिलं. घराच्या तिन्ही बाजूंना केळी, मधूनमधून पानवेली, दाराशी सोनचाफा, आणि सकाळ-संध्याकाळ कुठून ना कुठून वाहत्या पाण्याचा आवाज. नवऱ्याला तो आवाज आवडे. मला पहिल्या आठवड्यात वाटलं, कुणीतरी नळ बंद करायला विसरलंय, आणि मी दोनदा उठून बघून आले.

पण पाण्यापेक्षा जास्त वाहायचे ते काका. त्यांना बसलेलं मी पाहिलं नाही. गाडीत बसत ते सोडून. चहा ओट्यावर येरझारा घालत पीत, जेवण ताट हातात घेऊन उभ्याने. दाराशी त्यांची म्हणून वेताची खुर्ची होती, तिची बैठक फाटून खाली लोंबत होती. मी एकदा काकूंना विचारलं, ही विणून का घेत नाही? काकू म्हणाल्या, "कोण बसतंय? मांजर बसत होतं, ते खालून पडलं." कुणाच्या मयताला गेले तरी काका फाटकापाशी उभे. गणपतीची आरती संपायच्या आत प्रसाद वाटायला सुरुवात. वाडीत शिरले की केळीच्या या आळ्यातून त्या आळ्यात, उगाच एखादं पान उपट, एखादा दगड सरकव. काकू म्हणायच्या, पायाला भिंगरी लावूनच आलाय हा माणूस, मी काय करू.

खरं सांगायचं तर मी त्यांना वैतागायची. मला स्वतःला घाई असते, पण माझी घाई कुठेतरी जायची असते. काकांना कुठे जायचं नसतानाही घाई असे. अकराच्या कामाला हा माणूस नऊला गाडी काढून हॉर्न वाजवायचा.

त्यांच्या अभिमानाच्या गोष्टी दोन. पहिली म्हणजे अंगणाचा उतार. घराच्या जोत्यापासून रस्त्यावरच्या गेटापर्यंत अंगण चांगलं दीड हात उतरत गेलेलं होतं. त्यांच्या आजोबांनी ते मुद्दाम तसं करून घेतलं होतं. नवा माणूस आला की काका त्याच्या हातात तांब्या देत. "ओता इथे, जोत्याशी." तो ओतायचा, पाणी सुळकन निघायचं आणि पाटाने वळून गेटालगतच्या केळीच्या मुळाशी जाऊन थांबायचं. "पंप नाही, पाइप नाही. नुसता उतार," काका म्हणायचे. पाहुणा मान डोलवायचा. दुसरं काय करणार.

गाडीही ते ह्याच उतारावर लावत. तोंड गेटाकडे, म्हणजे खाली. मागच्या चाकाला दगड. कारण विचारलं तर म्हणाले, "बॅटरी बसली तर धक्का मारायला माणसं कुठे शोधू? दगड काढला की गाडी निघाली." घाई करणाऱ्या माणसाची ही सोय मला तेव्हा हुशारीची वाटली होती.

दुसरा अभिमान पट्टीचा. इंजिनात ऑइल किती आहे ते बघायला एक लांब, पातळ पट्टी खोचलेली असते. तिच्यावर दोन खुणा असतात, खालची आणि वरची. ऑइल दोन्हींच्या मधे हवं. रोज सकाळी तोंड धुतलं की काका बॉनेट उघडत. पट्टी काढायची, जुन्या लुंगीच्या फडक्याने पुसायची, परत घालायची, पुन्हा काढायची आणि सूर्याकडे धरून बघायची. मग जो कोणी अंगणात असेल त्याच्या नाकासमोर धरायची. "पट्टी काय म्हणते?" तुम्ही म्हणायचं, "वरच्या खुणेला आहे." ते म्हणायचे, "भरलेली आहे." दात घासताना, दूध घेताना, पेपर वाचताना मी चार वर्षं ती पट्टी पाहिली. ती कायम भरलेली असे.

हे सगळं कुठून आलं ते मला काकूंनी सांगितलं, एकदा दुपारी अळूची पानं निवडताना.

कुंपणापलीकडे, शेजारच्याच घरात काकांचा धाकटा भाऊ राहायचा. त्यांना आम्ही धाकटे काका म्हणत असू, तेही चोरून, कारण ह्या अंगणात त्यांचं नाव निघत नसे. आधी अंगण एकच होतं. गाडीही दोघांनी मिळून घेतलेली. मग काकांच्या मुलीला बघायला मंडळी येणार होती. काका घरी तयारीला आणि धाकटे काका गाडी घेऊन पाहुण्यांना आणायला. निघताना काकांनी नेहमीसारखी पट्टी भावाच्या नाकासमोर धरली होती. येताना, पाहुणे गाडीत असताना, वळणावर तांबडा दिवा लुकलुकला. मग लागलाच. धाकट्या काकांनी बघितला. पण सकाळीच पट्टी भरलेली पाहिली होती, म्हणून त्यांना वाटलं दिवाच बिघडला असेल. पाहुण्यांना रस्त्यात कशाला उतरवायचं म्हणून ते तसेच चालवत राहिले. घर अर्ध्या मैलावर असताना इंजिन कर्रकन आवाज करून जाम झालं. नवऱ्या मुलाची आई सुक्या मासळीच्या टेंपोत बसून आली.

सोयरीक जुळली, ते निराळं. पण काका पाहुण्यांसमोर भावाला म्हणाले, "डोळे फुटले होते का तुझे?"

धाकटे काका एवढंच म्हणाले, "पट्टी भरलेली होती, दादा. तूच दाखवलीस."

"म्हणजे मी गाडी मारली?"

"मी तसं म्हटलं नाही."

"दुसरं काय म्हटलंस?"

ह्याच्यापुढे ते दोघे आपल्या घरच्या बोलीत भांडले. त्यातलं काही सांगण्यासारखं नाही, असं काकू म्हणाल्या. इंजिन उघडून पुन्हा बांधावं लागलं. गाडी काकांनी स्वतःकडे ठेवून घेतली. अंगणात अडुळशाचं कुंपण आलं. विहिरीची वाटणी करता येईना, म्हणून तिच्या पाळ्या ठरल्या, सकाळी धाकट्यांची, संध्याकाळी ह्यांची. आणि त्या महिन्यापासून काकांनी माणसांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. "सगळ्या गावाला विचारतात," काकू म्हणाल्या, "ज्याला विचारायचं त्याला सोडून." तेव्हा ह्या गोष्टीला सात वर्षं झाली होती.

धाकटे काका अगदी उलट माणूस. सकाळी विहिरीवर पाळी असली की पाणी सोडून काठावर बसून राहायचे, तासभर, हलायचे नाहीत. इकडे काका अंगणात फेऱ्या मारताहेत, तिकडे ते बसलेत, मधे अडुळसा. मला ते बघून अस्वस्थ वाटायचं. आपल्या घरातलं भांडण असल्यासारखं.

माझी विरारच्या एका शाळेत कायम नोकरीसाठी मुलाखत होती. अकराची. काका म्हणाले, मी सोडतो. मी नको नको म्हणत असतानाच सकाळी नऊला हॉर्न. पट्टी दाखवून झाली होती, भरलेली होती. चार प्रश्न झाले. मी उत्तरं इतक्या रागाने दिली की ते म्हणाले, "मुलाखतीत असं बोलू नका."

वाटेत होळी नावाचं ठिकाण लागतं, त्याच्या अलीकडे, दोन्हीकडे भाजीचे मळे असलेल्या सरळ रस्त्याला लागताना एक वळण आहे. तिथे दिवा लुकलुकला. मी मागे बसले होते तरी मला दिसला. पुढे सरळ रस्त्यावर तो लागून राहिला.

काकांनी गाडी कडेला घेतली आणि किल्ली बंद केली.

"काका, मुलाखत आहे माझी."

"दहा मिनिटं."

ती दहा मिनिटं त्यांनी गाडीभोवती फिरून काढली. वाकून खाली बघितलं, रस्त्यावर ऑइलचा एक थेंब नाही. मळ्यातल्या बायका पाणी घालायचं थांबवून आमच्याकडे बघत होत्या. मी रिक्षा दिसते का बघत होते आणि मनात ह्या माणसाला नावं ठेवत होते. मग त्यांनी बॉनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. ती कोरडी होती. अगदी टोकाला काळा ओलावा, बस्स.

त्यांनी पुन्हा पुसून घातली. पुन्हा कोरडी.

"सकाळी भरलेली होती," ते म्हणाले. "बाई, तुम्ही पाहिलीत ना?"

"पाहिली."

"गळलं नाही. कोणी काढलं नाही. तासाभरात गेलं कुठे?"

त्यांचा चेहरा इतका भांबावला होता की माझा राग तिथेच गेला. डिकीत ऑइलचा एक डबा होता तो त्यांनी ओतला. पट्टी खालच्या खुणेलाही लागली नाही. "तुम्ही जा," ते म्हणाले, आणि रस्त्याच्या मधे उभं राहून त्यांनी माझ्यासाठी रिक्षा अडवली. मी अकराला दहा कमी असताना पोचले. त्यांच्या दोन तासांच्या घाईचा तेवढा एकदा उपयोग झाला.

मुलाखतीत मला काय विचारलं ते आता आठवत नाही. परतताना डोक्यात ती कोरडी पट्टी होती. उत्तर सुचलं ते घरी आल्यावर, गेटातून अंगण चढताना. चढताना, म्हणून सुचलं. परात एका बाजूने उचलली की पाणी दुसऱ्या बाजूला जमतं, हे मी सहावीच्या मुलांना करून दाखवायची आणि चार वर्षं रोज सकाळी तिरप्या गाडीची पट्टी बघत होते.

काका गाडीपाशीच होते. मधे कुठूनतरी आणखी ऑइल आणून खुणेपर्यंत भरलं होतं आणि गाडी नेहमीच्या जागी लावली होती, तोंड खाली. हातात पट्टी. ऑइल वरच्या खुणेच्याही वर दोन बोटं चढलेलं.

"रस्त्यावर भरली तेव्हा बरोबर होती," ते म्हणाले. "इथे आणली तर वाढली."

"काका, अंगणाला उतार आहे. ऑइल सगळं पुढे येतं, पट्टीकडे. आहे त्यापेक्षा जास्त दिसतं."

मग त्यांनी गाडी बाहेर काढली, वळवली, उलटी आत घातली, तोंड घराकडे. दहा मिनिटं थांबले. पट्टी काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. पुन्हा वळवली, पुन्हा थांबले, पुन्हा वर. तीनदा असं केलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. बांधून आणलेलं इंजिन इतकी वर्षं ऑइल पीत, म्हणजे जाळत नव्हतं, म्हणून निभावलं होतं. आता जुनं होऊन ते प्यायला लागलं होतं, धाकट्या काकांच्या हातात जाम झालं तेव्हासारखं.

"तेव्हापण गाडी इथेच उभी होती," काका म्हणाले. आम्हाला नव्हे. पट्टीला म्हणाले असावेत.

मला त्या क्षणी वाटलं, मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. सात वर्षं माणूस एका गोष्टीवर उभा आहे, आणि आपण परातीचं उदाहरण देऊन ती त्याच्या पायाखालून काढून घेतली. रात्री जेवताना मी नवऱ्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "तू नाही, उताराने काढली."

दुसऱ्या दिवसापासून काकांनी पट्टी अंगणात बघणं बंद केलं. दगड काढायचे, गाडी आपोआप गेटाबाहेर उतरायची आणि ते ती रस्त्यावर नेऊन थांबवायचे. सांडोरच्या त्या रस्त्यात सपाट तुकडा एकच, धाकट्या काकांच्या गेटासमोरचा. दुसरा नव्हता असं मी म्हणणार नाही, पण काकांना तोच मिळाला. तिथे बॉनेट उघडून पट्टी काढायची आणि मोठ्याने म्हणायचं, "पट्टी काय म्हणते? मधे आहे." रस्त्यावर कुणी नसे. गेटाच्या आत विहिरीच्या काठावर धाकटे काका बसलेले असत. ते बघत, आणि बघत नसल्यासारखं करत. मग काका इंजिन सुरू करून गाडी मागे आत घेत.

असं पाच-सहा दिवस चाललं. काका त्या दिवसांत रात्री ओट्यावर चालत असायचे. जेवणाचं ताट तसंच परत जायचं. "बोलून टाका ना एकदा," काकू म्हणायच्या. ते म्हणायचे, "काय बोलू?"

शेवटी एका सकाळी मी शाळेला निघाले होते तर काका पट्टी हातात धरून धाकट्या काकांच्या गेटाशी उभे. "चष्मा विसरलो," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशात होता, मला गेटातून दिसत होता. धाकट्या काकांनाही दिसला असणार.

धाकटे काका उठले. हात लुंगीला पुसत आले आणि गेटावरून पट्टी घेतली.

"काय म्हणते?"

"मधे आहे."

"इंजिन सुरू करत नाही. ढकलून वर घेऊ. हात लाव."

गाडी खाली उतरवायला एक माणूस पुरतो, वर चढवायला दोन लागतात. धाकटे काका पुढून, काका एका हाताने स्टिअरिंग धरून दाराशी, असे दोघे ती गाडी मागे ढकलत अंगणात घेऊन आले. सात वर्षांनी धाकटे काका ह्या अंगणात येत होते. मी चाकाला दगड लावला. शाळेची घंटा होऊन गेली असती तरी मी तिथून हलले नसते.

मग ती दहा मिनिटं. ऑइल स्थिर व्हायला हवं. काका गाडीच्या पुढून मागे, मागून पुढे. धाकटे काका जोत्यावर बसले. काकूंनी पाणी आणून ठेवलं, ते दोघांनीही घेतलं नाही. मग काकांनी पट्टी पुसली, घातली, काढली आणि न बघताच भावापुढे धरली.

धाकट्या काकांनी पट्टी पाहिली. अंगण पाहिलं, वरून खाली, गेटापर्यंत. त्यांना परातीचं उदाहरण लागलं नाही, त्यांचं आयुष्य त्या उताराने पाणी सोडण्यात गेलं होतं.

"त्या दिवशी पण अशीच होती," ते म्हणाले.

"हो."

एवढंच. धाकटे काका उठून गेटातून निघून गेले. काका पट्टी हातात धरून उभे राहिले. मला वाटलं, झालं ते इतकंच. शाळेत दिवसभर माझं मन लागलं नाही. मुलांना मी तिसऱ्या तासाचा धडा पहिल्या तासाला शिकवला.

पुढचा रविवार. मी दारात केस वाळवत होते. काकांनी गाडी रस्त्यावर उतरवली होती, पट्टी बघून झाली होती आणि ते आत बसले होते. आळीच्या टोकाला त्यांची बहीण राहते तिच्याकडे जेवायला जायचं होतं. एरवी दोघे भाऊ वेगवेगळ्या रविवारी जायचे. शेजारच्या गेटातून धाकटे काका धुतलेला शर्ट घालून बाहेर आले. हातात केळीचा घड. गाडीपाशी येऊन त्यांनी पुढचं दार उघडलं.

काकांनी मान वळवली. त्यांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. प्रश्न ओठावर आला होता, आणि तो आज कसा विचारायचा हे त्यांना कळत नव्हतं.

धाकटे काका घड मांडीवर घेऊन बसले. दार लावलं, आणि समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "थांबायचं."

काकांनी मान पुन्हा समोर वळवली.

"सपाट जागा बघून," ते म्हणाले, आणि त्यांनी किल्ली फिरवली.